तीन ब्रास मुरूम गेला कुठे?

प्रश्न : नमस्कार भाऊ, पारोळ्याजवळ घर बांधलंय, पुढचं अंगण ३० बाय २० फूट. सहा इंच मुरूम टाकायचा म्हणून तीन ब्रास सांगितला, तीन ट्रॉल्या आल्या, पैसे दिले. पाणी मारून रोलर फिरवला तर थर जेमतेम चार इंच भरला. ट्रॅक्टरवाला म्हणतो माल पूर्ण दिला. चूक कोणाची? आणि आता वाळू पण मागवायचीय.

उत्तर : भाऊ, हिशोब तुमचा बरोबरच आहे, ३० गुणिले २० गुणिले अर्धा फूट म्हणजे ३०० घनफूट, आणि १०० घनफुटाचा एक ब्रास, म्हणून तीन ब्रास. पण हे ३०० फूट दाबून झाल्यावरचे, ट्रॉलीत माल सुटा असतो आणि मुरूम पाणी-रोलरने साधारण पाचवा हिस्सा दबून कमी होतो, म्हणजे मागवायला पावणेचार ब्रास पाहिजे होता. हे ट्रॅक्टरवाल्याला रोजचं माहीत असतं, त्याने आधी सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, ट्रॉली मोजली का? आपल्याकडे एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास असं सगळे सर्रास धरून चालतात, पण ट्रॉलीचा हौदा आतून ९ फूट लांब, साडेपाच रुंद आणि पावणेदोन उंच असला तर सपाट भरून ८७ घनफूटच होतात. अशा तीन ट्रॉल्यांचे २६० फूट, दाबून झाले २०८, आणि तुमच्या अंगणात ते बरोबर चार इंचाच्या आसपास बसतात! म्हणून टेप घेऊन रिकामा हौदा आतून मोजायचा, भाव ट्रॉलीवर नाही ब्रासवर ठरवायचा, शीग, म्हणजे काठाच्या वरचा ढीग, धरायची की नाही तेही आधीच बोलून घ्यायचं, आणि माल खाली करायच्या आधी घरचं कोणीतरी उभं पाहिजे. सरकारला भरलेल्या रॉयल्टीची पावतीही मागा.

वाळूचं उलटं आहे. ओलसर वाळू फुगते, बारीक असली तर पाव हिस्सा सुद्धा, म्हणजे ब्रासभर दिसते आणि कोरडी मोजली तर ऐंशीच फूट भरते. एक बादली ओलसर वाळू सपाट भरा, तेवढ्याच दुसऱ्या बादलीत अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात ती वाळू हळूहळू ओता, हलवा, किती खाली बसली ते बघा, तेवढं भावात कापून मागा. वजनावर घेत असाल तर ओल्या वाळूत पाण्याचेही पैसे जातात, तिथे कोरडी बघून घ्या.

आणि हो, खाली काळी माती तशीच ठेवली का? आपली कपाशीची काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, मुरूम तिच्यात रुतत जातो. वरची माती काढून मग मुरूम टाकला असेल तर ठीक, नसेल तर आधी एका कोपऱ्यात खणून बघा. ठीक असेल तर आता अजून सव्वा ब्रास सुटा मुरूम मागवा, जुना थर कुदळीने खरवडून ओला करा आणि मगच नवा पसरा, नाहीतर वरचा पातळ पापुद्रा दोन पावसात निघून येईल.