आमच्या घरचा दुसरा वाटा

कॉर्क, आयर्लंड, मंगळवार रात्र

प्रिय सई,

तू रविवारी पाठवलेला निरोप मी चार वेळा ऐकला. मागे आजीच्या मिक्सरचा आवाज आणि मध्येच तुझं ते रागावलेलं बोलणं : "आई, कट्ट्यावरच्या आजोबांनी विचारलं, कुठल्या पेठंतली गं तू? मी म्हटलं, कॉर्कची. सगळे हसले. मग ते म्हणाले, तू आपल्या मंगळवार पेठंतली. पण मी तर इथं राहतच नाही. मग मी मंगळवार पेठेची कशी?"

फोनवर सांगत बसले असते तर अर्धंच झालं असतं, म्हणून लिहून पाठवते. जोडाक्षरं अडली तर मामाला विचार.

आधी त्या हसण्याचं. तुझी चेष्टा केली नाही गं कुणी. कोल्हापुरात हा प्रश्न नाव विचारायच्याही आधी येतो. शिवाजी पेठ, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, उत्तरेश्वर अशा पेठांत जुनं गाव वसलेलं आहे. पेठ कळली की समोरच्याला तुझी गल्ली कळते, तालीम कळते, बहुतेक वेळा तुझा मामाही कळतो. आजोबांना एवढंच शोधायचं होतं की ही कुणाची.

तालमीचं सांगायलाच हवं. आजीच्या गल्लीच्या तोंडाशी मुलं कॅरम खेळत बसतात ना, ती तालीम. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा. आत हौद असतो, त्यात तांबडी माती. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती पुन्हा पुन्हा खालीवर करतात. लहानपणी मी दारात उभी राहून तो वास घ्यायचे. मुलींना आत सोडत नसत, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. शाहू महाराजांना कुस्तीचं फार वेड. 1902 साली ते विलायतेला गेले तेव्हा वाटेत रोममध्ये त्यांनी कोलोसियम पाहिलं आणि परत आल्यावर आपल्याकडे खासबाग मैदान बांधून घेतलं. 1912 साली ते खुलं झालं. मामाला सांग, एकदा तुला तिथं घेऊन जा. मध्ये खोलगट आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. सगळ्यात मागे बसलेल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. येताना बाहेर भेळ खा, पण तिखट कमी सांग.

आता सगळ्या तालमींत कुस्ती राहिलेली नाही. पण तालीम नुसत्या कुस्तीपुरती कधीच नव्हती. गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा. मोहरमला पिरांचे पंजेही कितीतरी तालमींत बसतात आणि त्यांची सेवा हिंदू घरांतली माणसंही करतात. 2018 आणि 2019 साली गणपती आणि मोहरम एकाच आठवड्यात आले, तेव्हा काही ठिकाणी दोघे शेजारी शेजारी बसले. गल्लीत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. गल्लीत कुणी गेलं तर खांदा द्यायला पहिली माणसं तालमीतलीच येतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि शहराचा नदीकडचा भाग पाण्यात गेला. तेव्हा आजीच्या गल्लीतल्या बायकांनी घराघरांतून भाकऱ्या भाजल्या आणि तालमीतल्या पोरांनी त्या पोचवल्या. मी इथं फोन धरून बसले होते आणि आजी म्हणत होती, "आता ठेव, तवा तापलाय." तू तेव्हा पाळण्यात होतीस.

फुटबॉलचं तुला मामानं सांगितलंच असेल. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही संघांची नावं आहेत. जगात तालमीच्या नावानं फुटबॉल खेळणारं दुसरं गाव असेल असं मला वाटत नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ तिकडे. तुझे बाबा शिवाजी पेठेतले, मी मंगळवार पेठेतली, आणि या दोन पेठांची चुरस फार जुनी. आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी पत्रिकेआधी फुटबॉलवरच बोलणी केली. पण एक गोष्ट तुला स्पष्ट सांगते. त्या चुरशीतून शिवीगाळ होते, कधी दगडही पडतात, आणि ते मला अजिबात आवडत नाही. पेठेवर प्रेम करायला दुसऱ्या पेठेचा राग करावा लागत नाही. मामा तावातावानं बोलायला लागला तर त्यालाही हे सांग.

आणि हो, शेजारची ताई "मी आलो", "मी जेवलो" म्हणते ते चूक नाही. तू तिला सुधारलंस असं आजी म्हणाली. आपल्याकडे मुली, बायका असंच बोलतात. आजीशी फोनवर बोलताना मीही "करतो", "येतो" म्हणते, तू ऐकलं असशील. ती आमच्या घरातली भाषा आहे. तुला जमली तर तूही बोल.

आता तुझा खरा प्रश्न.

आषाढ लागला की पंचगंगेला नवं पाणी येतं. पावसाचं, गढूळ, तांबूस पाणी. आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतली माणसं ते पाणी कळशांत भरतात, कडुलिंबाचे डहाळे लावतात, मुली त्या डोक्यावर घेतात आणि सगळी मिरवणूक टेंबलाई देवीच्या टेकडीवर जाते. पुढे पी ढबाक वाजत असतं. हे नाव त्या वाद्यांच्या आवाजावरूनच पडलंय : पी म्हणजे सनई, ढबाक म्हणजे ढोल. ऐकलंस की लगेच कळेल. वर गेल्यावर देवीच्या पायरीवर ते पाणी वाहायचं. ही गल्लीची जत्रा. येत्या शुक्रवारी आपल्या गल्लीची आहे.

जत्रेसाठी वर्गणी निघते, घरटी. त्यातून बकरी आणतात आणि देवीला नैवेद्य झाला की मटणाचे वाटे घालतात. हे वाटे घालणं तू जवळून बघ. प्रत्येक ढिगात मऊ मांस, हाडं, काळीज सारखं पडलं पाहिजे. दुमजली घराचा वाटा आणि एका खोलीतल्या बिऱ्हाडाचा वाटा एकसारखाच असतो. मग नावं पुकारतात आणि घरातलं कुणीतरी डबा घेऊन जातं.

मी लग्न करून गेले, मग आम्ही इकडे आलो, त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आजीनं दर आषाढात दोन वर्गण्या दिल्यात. एक तिची आणि मामाची, एक आमची. मी पहिल्यांदा म्हटलं, अगं, आम्ही तिथं नाही, कशाला देतेस? ती म्हणाली, "वही बघ जा तालमीतली. तुझं नाव हाय त्यात." तू जन्मलीस त्या वर्षी तिनं वहीत तुझंही नाव लिहायला लावलं. तू कोल्हापूर पाहिलंही नव्हतंस, कॉर्कच्या दवाखान्यात अकरा दिवसांची होतीस, आणि मंगळवार पेठेत तुझ्या नावानं वाटा पडला होता.

आमचा तो वाटा आजी दरवर्षी शेजारच्या मावशींकडे देते. त्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त.

बाबा हे वाचून म्हणतायत की शिवाजी पेठेतही तुझं नाव आहे, तेही लिही. लिहिलं. ते खरंच आहे. पुढच्या आठवड्यात तू तिकडच्या आजी-आजोबांकडे जाशील तेव्हा तिथल्या कट्ट्यावरही तुला हाच प्रश्न विचारतील.

शुक्रवारी लवकर ऊठ. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझी जुनी चुंबळ आहे, आजीच्या हिरव्या लुगड्याची. ती शोधायला लाव. कळशी अर्धीच भर, टेंबलाई लांब आहे आणि पाणी डोक्यावर हिंदकळलं की मान दुखते. चप्पल घालू नकोस म्हणतील, पण रस्त्यात काचा दिसल्या तर सरळ घाल, देवी काही म्हणत नाही.

आणि संध्याकाळी नावं पुकारतील तेव्हा दोन्ही डबे तू घेऊन जा. आजी तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से करेल. पांढऱ्यापासून सुरुवात कर. यंदा आमच्या वाट्यातलं आधी तू जेव, मग मावशींकडे भरून वाटी नेऊन दे. इतकी वर्षं तुझा वाटा त्यांनी सांभाळलाय.

तुझी,
आई