त्रिपुरी पौर्णिमेला हनोईत

प्रश्न : मी अमळनेर येथे माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत एकटीने व्हिएतनामला जाण्याचे ठरवले आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. घरच्यांना माझ्या एकटेपणापेक्षा जेवणाचीच काळजी जास्त असून कळण्याचे पीठ, शेव, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांनी अर्धी बॅग आत्ताच भरली आहे. मला मात्र तेथे जाऊन तेथलेच अन्न खायचे आहे. शाकाहार सांभाळून ते जमेल का?

उत्तर : जमेल, मात्र नेमके काय मागायचे हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागेल. ‘मांस नको’ एवढेच सांगितले, तर समोर भात आणि लसणावर परतलेली हिरवीगार पालेभाजी येईल, आणि त्या भाजीत नुओक माम असण्याची शक्यता बरीच असेल. छोटे मासे मिठात घालून कित्येक महिने मुरवले की जो पातळ, तांबूस रस निघतो, तो म्हणजे नुओक माम. आपल्याकडे फोडणीत हिंग जितक्या सहजपणे पडतो, तितक्याच सहजपणे तो तेथील स्वयंपाकात पडतो आणि बनवणाऱ्याला त्याची वेगळी आठवणही राहत नाही. फो नावाच्या प्रसिद्ध शेवयांच्या वाडग्यातला रस्सा गाईच्या हाडांचा किंवा कोंबडीचा असतो, त्यामुळे वरचे तुकडे बाजूला काढून भागत नाही.

यावरचा उपाय त्याच देशाच्या रीतीत आहे. तेथील महायान बौद्ध परंपरेत शाकाहाराचे व्रत जुने असून त्या जेवणाला ‘चाय’ म्हणतात. ज्या दुकानाच्या पाटीवर हा शब्द असेल, तेथे मांसाबरोबर माशांचा रसही वर्ज्य असतो, आणि कडक व्रत पाळणारे कांदा-लसूणही टाळतात. एरवी मांसाहार करणारी अनेक कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी चाय जेवण घेतात. आपल्या पंचांगाप्रमाणे हे दिवस अमावास्या-प्रतिपदेच्या आणि पौर्णिमेच्या आसपास येतात. लक्ष्मीपूजनाची अमावास्या तुम्ही घरीच घालवाल हे उघड आहे. पण भाऊबीज आटोपून निघालात आणि सुट्टी पुरली, तर त्रिपुरी पौर्णिमेला तुम्ही तेथे असाल. त्या दिवशी चाय दुकानांत गर्दी असते आणि एरवीपेक्षा अधिक प्रकार मांडलेले असतात. सहलीचे दिवस निवडताना आधी पंचांग पाहावे, असे मी म्हणतो ते याचसाठी.

साध्या चाय खाणावळीत काचेमागे दहा-बारा परातींत भाज्या, टोफू, आळंबी, फणसाचे किंवा केळफुलाचे प्रकार ठेवलेले असतात. आपण बोट दाखवायचे आणि वाढणारी व्यक्ती भाताच्या ताटात ते वाढत जाते. एकट्या जेवणाऱ्यासाठी हीच सर्वांत सोयीची जागा होय, कारण टेबलावर शिजवत खाण्याचे तेथील हॉटपॉटसारखे प्रकार दोघा-चौघांच्या हिशेबानेच केलेले असतात. ताटात कोंबडीच्या तंगडीचा किंवा माशाचा आकार दिसला, तर दचकू नका. सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून असे हुबेहूब पदार्थ करण्याची तेथे हौस आहे. मला स्वतःला ही नक्कल फारशी रुचत नाही, पण ती चाखायची की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. अंड्याचे मात्र वेगळे विचारावे, कारण काही चाय दुकानांत ते चालते. ‘मी चाय जेवते, अंडे नको’ हे वाक्य व्हिएतनामी लिपीत कागदावर लिहून न्या. ती भाषा सुरांवर चालते, त्यामुळे आपण उच्चारलेला शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

हनोईची अंड्याची कॉफी अर्थातच तुमच्यासाठी नाही. 1946 साली दुधाची टंचाई असताना तेथील मेट्रोपोल हॉटेलातील नुयेन वान जांग यांनी अंड्याचा बलक फेटून ती तयार केली, असे सांगतात. तिच्याऐवजी साधी कॉफी मागवा. पेल्याच्या तळाशी बोटभर गोड आटवलेले दूध असते, वर पत्र्याची छोटी गाळणी ठेवलेली असते आणि तिच्यातून काळा अर्क थेंबाथेंबाने उतरत राहतो. तो पूर्ण उतरेपर्यंत पदपथावरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहायचे, यात तेथे कोणालाही वावगे वाटत नाही. एकट्या बाईलाही नाही.

चाय जेवणासाठी ह्वे ही जुनी राजधानी विशेष प्रसिद्ध आहे आणि इतर भागांच्या मानाने तेथे तिखटही जास्त असते, म्हणजे खानदेशी जिभेला ती जवळची वाटावी. होइ आन येथे चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावात कंदील लावतात. तरीही दिवाळीच्या दिवसांत या दोन गावांवर भर देऊ नका, असे मी सुचवीन. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात मोठा पाऊस होतो आणि होइ आनच्या गल्ल्यांत पुराचे पाणी शिरते. उत्तरेकडे हनोईत तेव्हा हवा कोरडी आणि सुखद असते.

ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. 20,000 आणि 5,00,000 डोंगच्या नोटा दोन्ही निळसर असतात, त्यामुळे पैसे देताना शून्ये मोजावीत. नळाचे पाणी पिऊ नये. बॅगेतले पीठ काढून टाका, कारण खोलीत तवा मिळणार नाही. शेव आणि चटणी प्रवासातल्या अडीअडचणीपुरती राहू द्या.

प्रश्न : माझा मुलगा उत्तर व्हिएतनामात एकटाच फिरणार असून काही दिवस खेड्यातल्या एका कुटुंबाकडे पैसे देऊन राहणार आहे. त्यांच्याबरोबर जेवताना कोणत्या रीती पाळाव्यात? (दोंडाईचा येथील एक वाचक)

उत्तर : घरात शिरताना चपला बाहेर काढाव्यात. ज्येष्ठांनी घास घेतल्यावर सुरुवात करावी, आणि वडीलधाऱ्यांना काही देताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात पुढे करावेत. भाताचा वाडगा उचलून तोंडाजवळ नेणे तेथे रीतीला धरूनच आहे. मात्र जेवणाच्या काड्या भातात उभ्या रोवू नयेत, कारण त्या मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात. यजमान आग्रहाने वाडग्यात वाढत राहतात, तेव्हा काही वर्ज्य असेल तर ते पहिल्या संध्याकाळीच सांगावे, कारण वाढून झाल्यावर नाकारणे अधिक अवघड जाते.

बहुतेक घरांत पूर्वजांची वेदी असते आणि तिच्यावर फळे मांडलेली असतात. त्यातले फळ मागू नये. त्यांनी आपणहून दिले तर दोन्ही हातांनी घ्यावे. वेदीचे छायाचित्र विचारूनच काढावे. मुक्कामी पोहोचताच पासपोर्ट मागितला, तर मुलाने संशय धरू नये. परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद स्थानिक पोलिसांकडे करणे यजमानावर कायद्याने बंधनकारक असते. नोंद झाली की पासपोर्ट लगेच परत घ्यावा आणि त्याची एक छायाप्रत वेगळी ठेवावी.