रामकुंडावरच्या गप्पांचे कट का जुळत नाहीत

तू विचारलंयस की नाशिकला रामकुंडाच्या पायऱ्यांवर दोन मित्रांच्या गप्पा शूट केल्या, एकेक शॉट सुटा बघितला तर छान वाटतो, पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर एकापुढे एक जोडले की दोघंही एकाच दिशेला बघून बोलताना दिसतात. मग एडिटिंगचा क्लास लावावा का?

आत्ता नको. ही चूक शूटिंगच्या वेळीच झालीय. समोरासमोर बसलेल्या दोघांच्या नजरांमधून एक रेघ जाते असं समज. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला राहिला तर एक जण कायम उजवीकडे बघतो आणि दुसरा डावीकडे. १८० अंशांचा नियम म्हणतात तो हाच. तुमच्या वर्णनावरून एकाचा क्लोजअप देवळांच्या बाजूने घेतलाय आणि दुसऱ्याचा पाण्याच्या बाजूने. रेघ तिथे ओलांडली.

शॉट आडवा फ्लिप कर, म्हणजे आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा कर, असं कुणीतरी सांगेलच. त्याआधी फ्रेम नीट बघ. दुकानाची पाटी उलटी होते, घड्याळ दुसऱ्या मनगटावर जातं, मागे उभ्या आजींचा पदर खांदा बदलतो.

कॉलेजात असताना आम्ही होळकर पुलावर हेच केलं होतं. मुलगा रविवार कारंजाकडून पंचवटीत चाललाय. पहिला शॉट एका कठड्यापासून घेतला, दुसरा समोरच्या, कारण ऊन तिकडे सुरेख पडलं होतं. जोडल्यावर तो अर्ध्या पुलावरून मागे फिरलेला दिसला आणि बघणाऱ्यांना गोष्टच कळेना. पाठीमागून सरळ घेतलेला एक शॉट मध्ये असता, तर दिशा बदललेली कुणाला खटकली नसती. तो आमच्याकडे नव्हता.

ब्रिटनमध्ये मीडिया स्टडीजच्या विद्यार्थ्यांना एक सराव दिला जायचा: एक जण दार उघडतो, खोली ओलांडून दुसऱ्याच्या समोर खुर्चीत बसतो आणि दोघं दोन-चार वाक्यं बोलतात. एवढंच. घरी मोबाइलवर हे करा, मनापासून सांगतो. दार उघडणं बाहेरून पूर्ण घ्या, हात कडीवर जाण्यापासून आत शिरेपर्यंत. मग आतून पुन्हा पूर्ण घ्या, त्याच हाताने, त्याच वेगाने. कट, म्हणजे बाहेरच्या शॉटवरून आतल्या शॉटवर जाणं, हालचाल चालू असतानाच मारायचा. दोन-तीन फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) मागेपुढे सरकवत बसलीस की एका जागी झटका नाहीसा होतो. ती जागा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी सापडली की पुढच्या सीनमध्ये तू शूट करतानाच ती शोधायला लागतेस. खुर्चीत बसतानाही तेच. एकाच माणसाचे लागोपाठ दोन शॉट असतील तर कॅमेरा निदान ३० अंश हलव, फ्रेमही लहानमोठी कर, नाहीतर माणूस जागच्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो.

एका जणाला फक्त कंटिन्युइटीचं, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं जुळतंय ना हे बघायचं काम द्या. प्रत्येक टेकनंतर फोटो काढायचा: चहाचा ग्लास किती भरलाय, पाय ओले की कोरडे. घाटावर ओलं पाऊल बघता बघता वाळतं. निघण्याआधी तिथला नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, जोडांखाली सलग घालायला. घंटेचा नाद मध्येच तुटला तर कट आधी कानाला कळतो.

आता तुमच्या सीनचं. सगळं पुन्हा काढू नका. पाण्याच्या बाजूने घेतलेले क्लोजअप तेवढे देवळांच्या बाजूने घ्या, त्याच वेळेला, त्याच कपड्यांत. आणि पाण्यात सोडलेल्या दिव्याचा एक सुटा शॉट घेऊन ठेवा, कुठे अडलंच तर मध्ये घालता येईल.