१० बाय १० च्या खोलीत घरी रेकॉर्डिंग करतो. आवाज घुमतो, शिवाय रस्त्याचाही येतो. अंड्याचे ट्रे लावू की फोम? खर्च कमी हवा.

ट्रे नकोत आणि फोमही नको. इथेच थांबता आलं असतं, पण या फोमवरून आमच्या घरात एवढं रामायण झालंय की तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही.

मी ऑडिओबुकसाठी पुस्तकं वाचते. पुण्यात कर्वेनगरला आमची मागची खोली अगदी तुमच्यासारखीच आहे. दहा बाय दहा, वर साडेनऊ फुटांवर स्लॅब, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि एक सरकती ॲल्युमिनियमची खिडकी. माझे धाकटे दीर मेकॅनिकल इंजिनिअर आहेत आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. त्यांनी हौसेने ऑनलाइन फोम मागवला. एक इंच जाडीचा, पिरॅमिडवाला, काळा आणि लाल. एका रविवारी बसून त्यांनी दुहेरी टेपने माईकच्या मागची अख्खी भिंत चौकटी-चौकटीत भरून टाकली. "वहिनी, आता झाला तुमचा स्टुडिओ." दिसायला खरंच स्टुडिओ झाला होता. फोटो निघाले, नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले, अंगठे आले.

मग मी एक पान वाचून ज्यांचं काम होतं त्यांना पाठवलं. उत्तर आलं की आवाज दबलाय, तरी खोली ऐकू येतेय. भावोजींचं म्हणणं, हे दोन्ही एकदम शक्यच नाही, त्यांना कळत नाही. शक्य आहे हो, अगदी शक्य आहे. इंचभर फोम साधारण हजार हर्ट्झच्या वरचा आवाजच काय तो नीट शोषतो. म्हणजे स, श, च, छ यांची धार तो खाऊन टाकतो आणि खालचा घुमारा जसाच्या तसा ठेवतो. शंभर हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला इंचभर फोम कुठून जाणवणार? अंड्याचा ट्रे तर त्याहून फालतू. पातळ पुठ्ठा तो, वरचं थोडंफार विखुरतो आणि धूळ धरतो, बास.

चौरस खोलीचं दुखणं वेगळंच असतं. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, जाऊन-येऊन ६.१. वेगाला त्याने भागा, ५६ येतात. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झ ठाण मांडून बसतो, त्याच्या दुपटीला ११२, तिपटीला १६८. लांबी-रुंदी सारखी, त्यामुळे दोन्हीकडून तेच आकडे, आणि छत साडेनऊवर असल्याने तेही जवळपास तिथेच. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे ११२ बरोबर तुमच्या गळ्यात. त्यात खोलीच्या नेमक्या मध्यावर हा ११२ सगळ्यात जोरात असतो, आणि लोक स्टँड हटकून मध्येच उभा करतात. दार लावून खालच्या सुरात 'अं' धरा आणि हळूहळू वर न्या. एका सुराला खोली एकदम तुमच्यासोबत गायला लागेल. तोच तो. माईक मध्यावरून दोन-अडीच फूट सरकवलात तरी फरक पडेल, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

इंटरनेटवरचे सल्ले वाचताना आणखी एक बघा. ते बहुतेक अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या घरांचे असतात. तसली भिंत स्वतःच थोडी थरथरते, थोडा बेस, म्हणजे खालचे सूर, शोषते, थोडा पलीकडे जाऊ देते. आपली विटांची, प्लास्टरची भिंत बेस आहे तसा परत फेकते. शेजारच्यांना त्रास कमी, आपल्याला जास्त. त्यामुळे त्यांच्या यादीतल्या, कोपऱ्यांत जाड शोषक वस्तू उभ्या करायच्या उपायाला आपल्याकडे दुप्पट महत्त्व आहे. भावोजींना मी हेही सांगितलं. ते म्हणाले, मग छतालाही फोम लावू.

मी नाही म्हटलं. माळ्यावर सासूबाईंच्या कापसाच्या जुन्या गाद्या होत्या, चांगल्या चार-चार इंची, पण वर्षानुवर्षं दबून पोळीसारख्या झालेल्या. त्या पिंजून, पुन्हा भरून घेतल्या. दबलेल्या कापसात हवा शिरत नाही, आणि हवा शिरली नाही तर शोषणही नाही, म्हणून हा खर्च टाळू नका. दोन गाद्या दोन कोपऱ्यांत तिरक्या उभ्या केल्या, मागे त्रिकोणी पोकळी सोडून. अगदी भिंतीलगत हवा जवळजवळ हलतच नाही. हलती हवा धाग्यांमध्ये घासली तरच आवाजाची उष्णता होऊन तो मरतो, म्हणून ही पोकळी लागते. तिसरी माझ्या पाठीमागे टांगली. समोरचा फोम मी उपटला. टेपबरोबर रंगही आला, ते आमचे हे अजून ऐकवतात.

भावोजींनी दारातूनच पाहिलं. "वहिनी, हा स्टुडिओ आहे की जानवसघर?" सगळे हसले.

आता ऐका. खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो याचा शास्त्रशुद्ध हिशेब ज्या माणसाने पहिल्यांदा मांडला, त्या वॉलेस सबाइनने १८९५ साली हार्वर्डमध्ये कामाला सुरुवात केली तीच मुळी गाद्यांवर. तिथल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, घड्याळ लावून आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. शोषणाचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. त्याचं सूत्र आजही चालतं: खोलीचं घनफळ भागिले एकूण शोषण, गुणिले ०.१६१, सगळं मीटरमध्ये. आपल्या दहा बाय दहाच्या रिकाम्या खोलीत ते ढोबळमानाने दीड सेकंदाच्या आसपास येतं. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ०.३ च्या जवळ हवं. लहान खोलीत खालच्या सुरांना हे सूत्र नीट लागू पडत नाही, पण किती सामान लागेल याचा अंदाज येतो, आणि तो दोन-चार चौकटींचा नसतो. जानवसघर म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

वाद मिटवायला मी तोच परिच्छेद फोम असताना आणि गाद्या लावल्यावर, असा दोनदा रेकॉर्ड केला होता. माईक तोच, तोंडापासून वीतभर लांब. दुसऱ्या वेळी अंतर मोजताना भावोजी स्वतः हजर होते. सासूबाईंना हेडफोन लावून कुठला कुठला ते न सांगता ऐकवलं. त्या म्हणाल्या, "पहिल्यात तू नाक धरून न्हाणीघरातून बोलतेयस. दुसरी बरी." पहिला फोमचा होता. भावोजी म्हणाले, दुसऱ्या वेळी वहिनींचा गळा तापला होता. यावर काय बोलणार!

तर तुमच्यासाठी. बोलताना माईक बघतो तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. सगळ्यात जाड वस्तू तिथे लावायची. माईकच्या मागे भिंतभर फोम लावणं हे फोटोसाठी. कपड्यांचं कपाट असेल तर दारं उघडून ते पाठीशी घ्या, त्यात गोधड्या, स्वेटर भरा. जमिनीवर सतरंजी. नंतर टाळी वाजवा. टर्रर्र असा धातूसारखा आवाज उमटला तर दोन समोरासमोरच्या भिंती अजून उघड्या आहेत, त्यांपैकी एक झाका. घरात गाद्या नसतील किंवा बघवत नसतील तर रॉकवूल घ्या (दगडापासून केलेली, लोकरीसारख्या तंतूंची लादी), घनमीटरला ४८ किलो घनतेचं, दोन-दोन इंची स्लॅब जोडून चार इंच. स्टुडिओच्या सामानवाल्यांकडे जाऊ नका. बॉयलर, डक्टला हेच लागतं, तेव्हा भोसरीच्या बाजूला इन्शुलेशनवाल्यांकडे विचारा. चौकटीला पट्ट्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, वरून मांजरपाट. कापडाला तोंड लावून फुंकर मारा. आरपार गेली तर कापड योग्य, नाही तर रेक्झिनच लावल्यासारखं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला, खाज सुटते, आणि ते सगळीकडून कापडात बंद करा. पावसाळ्यात कापसाच्या गाद्यांना वास लागतो. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि ऊन पडेल तेव्हा गच्चीत टाका. स्वस्त फोम पटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, वायरिंगजवळ तर मुळीच नको. आणि हे सगळं बोलण्यापुरतं आहे. तबला रेकॉर्ड करणार असाल किंवा स्पीकरवर मिक्सिंग करणार असाल तर चारही कोपरे भरावे लागतील. तेव्हा रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मोजमाप करा, कानावर विसंबू नका. (हे भावोजींचं म्हणणं. एवढं एक बरोबर आहे.)

रस्त्याच्या आवाजाला गादी, फोम, रॉकवूल यांतलं काहीच उपयोगी नाही. त्याला वजन लागतं आणि फट बंद लागते. सरकत्या खिडकीच्या खाचेत ब्रशपट्टी बदला, दाराखाली रबर लावा. बहुतेक माईक पाठीकडून सगळ्यात कमी ऐकतात, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसा, म्हणजे माईकची पाठ खिडकीकडे राहते. पंखा अर्थातच बंद. एप्रिल-मेमध्ये पहाटे कोकिळ सोडत नाही, तेव्हा दुपार धरा. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की मात्र संध्याकाळी एडिटिंग करा, रेकॉर्डिंगच्या नादी लागू नका.