गोळी बंद करू नकोस, आधी सकाळचा तास बघ

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: वय 29, लग्नाला वर्ष झालं, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणारं संप्रेरक, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) 14.6, फ्री टी4 (ग्रंथी स्वतः बनवते ते संप्रेरक) लॅबच्या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी, अँटी टीपीओ (ग्रंथीविरुद्धची अँटीबॉडी) 600 च्या वर. डॉक्टरांनी थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली, तीन आठवडे झाले, फरक काही नाही, केस गळतातच. आणि नणंद म्हणते, ही गोळी एकदा लागली की जन्माची लागते, त्यापेक्षा गहू सोड, सेलेनियम नावाचं खनिज आणि समुद्री शेवाळाची पावडर घे. माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. गोळी सोडू नकोस.

मी डॉक्टर नाही. पंचवटीत राहते, दिंडोरी तालुक्यातल्या शाळेत शिकवते आणि 2011 पासून मला हाशिमोटो हा थायरॉइडचा आजार आहे. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1912 साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आपलीच प्रतिकारशक्ती गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला परकी समजते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. गोळीत तेच संप्रेरक असतं जे ग्रंथी बनवायची. त्यामुळे ‘सवय लागते’ हे म्हणणंच मला पटत नाही. शरीर कमी बनवतंय, तेवढं आपण बाहेरून भरतोय. अँटी टीपीओचा आकडा बघून घाबरलीस ते दिसतंय, पण त्यावर डोस ठरत नाही. तो फक्त कारण सांगतो. तो पुन्हापुन्हा तपासण्यात पैसे घालवू नकोस.

तीन आठवड्यांत फरक का नाही? या औषधाचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून पातळी स्थिरावायलाही पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच त्याच्यामागून येतो. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी तपासायला सांगतात. केसांना तर आणखी काही महिने लागतात. याचीच दुसरी बाजू अशी की गोळी सोडली तरी पहिला आठवडा-दीड आठवडा काही वाटत नाही. माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय बरंच आहे की. तिथेच फसायला होतं.

आता तुझ्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ, जी तू जाता जाता लिहिलीस: ‘सकाळी थायरॉइडची आणि लोहाची गोळी एकदमच घेते, मग चहा.’ अगं, इथेच अर्धं औषध वाया जातंय.

माझं हेच झालं होतं, फक्त लोहाऐवजी कॅल्शियम. सकाळच्या एसटीची घाई, गॅसवर चहा, डबा भरायचा, त्यात दोन्ही गोळ्या एकदम. टीएसएच खाली येईना, म्हणून डोस 75 वरून 100, 100 वरून 125. दोन वर्षं गेली. मग दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, ‘गोळी कशी घेता ते मला करून दाखवा.’ मी डावा तळहात पुढे केला, त्यावर दोन गोळ्या आहेत असं धरलं, आणि उजव्या हातात कप. त्यांनी माझा उजवा हात धरून खाली केला. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर, चहा एक तासाने, एवढंच बदललं. पाच आठवड्यांत फळ्यावर लिहिताना हात थरथरायला लागला, छातीत धडधड. आता पोटात सगळं औषध उतरत होतं आणि 125 मला जास्त होत होतं. डोस 88 वर आला तेव्हा थांबलं. वर्षानुवर्षं डोस जास्त राहिला तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून हे हलक्यात घेऊ नकोस.

तर उठल्यावर फक्त पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा तास तरी, जमलं तर एक तास, चहा-दूध-नाश्ता नाही. लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं यांच्यात चार तासांचं अंतर. सकाळ अगदीच जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण डॉक्टरांना सांगून आणि मग रोज तशीच. बाटली गॅसवरच्या फळीवर ठेवू नकोस. एप्रिलमधलं आपलं नाशिकचं ऊन आणि त्यात स्वयंपाकघराची वाफ, औषध खराब होतं. कंपनीही सारखी बदलू नकोस.

शेवाळाची पावडर मात्र आजच बाजूला ठेव. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, शेवाळातून त्याच्या कितीतरी पट जाऊ शकतं, आणि हाशिमोटोत जास्तीचं आयोडीन ग्रंथीला आणखी दाबतं. उलट टोकही आपल्याकडे बघते. नवरात्रात सैंधव आणतात आणि मग ‘शुद्ध’ म्हणून वर्षभर तेच वापरतात. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. तुला बाळ हवंय, घरात साधं आयोडीनयुक्त मीठच असू दे.

सेलेनियमने काही अभ्यासांत अँटीबॉडीचा आकडा उतरलेला दिसतो, पण त्याने बरं वाटतं किंवा गोळी कमी होते असं ठोस दिसलेलं नाही. आणि जास्त झालं तर केसच गळतात, नखं तुटतात. केसांसाठी बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेत असशील तर रक्त द्यायच्या आधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेव, त्याने टीएसएच खोटा कमी दिसू शकतो आणि त्यावरून डोस चुकतो. अश्वगंधा घेत असशील तर डॉक्टरांना सांग, थायरॉइडची पातळी त्याने वाढू शकते. पैसे घालवायचेच असतील तर ड जीवनसत्त्व, बी12 आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपास. कमी असेल तेवढं भरून काढ.

गव्हाचं म्हणशील तर सरसकट सोडायची गरज नाही. पण हाशिमोटो असलेल्यांत सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडतं तो) इतरांपेक्षा जास्त आढळतो. पोट फुगत असेल, लोह घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर त्याची रक्ततपासणी कर, आणि ती गहू चालू असतानाच. आधी सोडलास तर आजार असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा. नागलीची भाकरी दुपारी खा, मिसळ रविवारी खा, फक्त गोळीनंतरचा तो तास जाऊ दे.

बाळाबद्दल थोडं आणखी. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असतं, त्याच्या मेंदूसाठी ते लागतं. म्हणून प्रयत्न सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोल, टीएसएच साधारण 2.5 च्या खाली आणायला सांगतात. पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन कर. बहुतेकींचा डोस पाव भागाने किंवा थोडा जास्त वाढवावा लागतो. घरातलं कुणी ‘आता पोटुशी आहेस, गोळ्या कशाला’ म्हणालं तर ही गोष्ट त्यांना समजावून सांग, गरज पडली तर त्यांना डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा.

उद्यापासून लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर घे आणि डॉक्टरांना कळव की पहिले तीन आठवडे दोन्ही एकदम जात होत्या, म्हणजे तपासणीची तारीख उद्यापासून सहा आठवडे मोजायची का ते तेच सांगतील. रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी दे. रिपोर्ट आला की इथे टाक, मी बघते.