पुण्यात फ्लॅटमध्ये कारवान हाउंड पाळता येईल का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरी करता, दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे, कारवानचं पिल्लू आणायचं मनात आहे. पण 'शिकारी जात आहे, घर डोक्यावर घेईल' म्हणून सगळे घाबरवतायत. माझ्याकडे सहा वर्षं कारवानी कुत्री आहे, चांदी. पहिली दीड वर्षं ती माझ्याबरोबर मिरजेत भाड्याच्या फ्लॅटमध्ये होती, आता शेतातल्या वस्तीवर असते. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

घाबरवणारे चुकीच्या गोष्टीची भीती घालतायत. वर्षाची होईपर्यंत तिने चपला, सोफ्याचा कोपरा आणि माझा एक चष्मा खाल्ला, हे खरं. पण मोठा कारवान घरात अक्षरशः आळशी असतो. चांदी दिवसभर गादीवर पाय वर करून पडलेली असते. अट एकच: सकाळी तिला पंधरा-वीस मिनिटं मोकळं, जीव तोडून पळायला मिळालं पाहिजे. हे कुत्रं वेगात धावतं तेव्हा एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. सोसायटीभोवती पट्टा धरून मारलेल्या चार फेऱ्या तिच्या हिशेबात धरल्याच जात नाहीत.

खरी अडचण डोळ्यांची आहे. माझे वडील म्हणायचे, "हे कुत्रं नाकानं न्हाई, डोळ्यानं शिकार करतंय." लांबवर काही हललं, की त्या क्षणी तिला नाव नसतं, मालक नसतो. एकदा उसाच्या कडेला ससा उठला आणि ती सरळ काटेरी तारेत घुसली. यांची कातडी कागदासारखी पातळ. छातीवर चौदा टाके पडले. शेजाऱ्यांच्या तीन कोंबड्यांचे पैसेही मी भरलेत. आणि ससा मारू देणं ही हौस नाही, वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. गावाकडे अजून काही जण मिशीला पीळ देऊन ते सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. पुण्यात ससा नसेल, पण मांजर आहे, खारी आहेत, आणि मधे रस्ता आहे. त्यामुळे चारही बाजूंनी बंद मैदान असल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही, कितीही शहाणी वाटली तरी.

पट्ट्यावरून आठवलं. यांचं डोकं इतकं निमुळतं की साधा पट्टा मागे सरकून सहज काढून टाकतात. ओढलं की थोडा आवळणारा रुंद पट्टा घ्या. चांदी दिवाळीत फटाक्याला बिचकून अशीच निसटली होती, दोन तासांनी स्टेशनजवळ सापडली.

फासळ्या दिसल्या की लोक "खायला घालत नाही का हो?" विचारतील. विचारू द्या. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं हीच या जातीची तब्येत. गावाकडे ज्वारीची भाकरी आणि दुधावर वाढवतात. मी त्यात उकडलेली अंडी किंवा चिकन घालतो. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून दोन वेळा थोडं थोडं, आणि पळण्याआधी-नंतर तासभर काही नाही. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा: अंगावर चरबी नसल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीतून यांना शुद्धीवर यायला जास्त वेळ लागतो. थंडीत स्वेटर घाला, लाजू नका. बाकी लसी, जंताचं औषध, गोचिडांकडे लक्ष, हे कुठल्याही कुत्र्यासारखंच.

स्वभाव मात्र समजून घ्या. लॅब्रासारखं येईल त्याच्या अंगावर लोळणं नाही. परक्याने हात लावलेला आवडत नाही, आरडाओरडा केलात तर दोन दिवस तोंड फिरवून बसते. आणि एकटेपणा सोसत नाही. तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते हेच, फ्लॅट नाही. सकाळी नऊ ते रात्री आठ घर बंद राहणार असेल, तर माझं उत्तर नाही असंच आहे.

घ्यायचंच ठरलं तर नावांवरून गोंधळू नका. आपल्याकडे कारवान किंवा कारवानी, कर्नाटकात मुधोळ हाउंड. कान-शेपटीला लांब केस असलेला तो पश्मी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली म्हणून ते नाव. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीचं संशोधन केंद्र आहे. शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लंही याच नावाने विकली जातात, तेव्हा आई-बाप दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्यापैकी कुणी घरून काम करतं का, आणि जवळ भिंतीचं मैदान आहे का, तेवढं कळवा. मग पिल्लू घ्यावं की जरा मोठं कुत्रं दत्तक घ्यावं, ते बोलू.