अपूचं नाव काढलं की भाचा का चिडतो?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत वाढला. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टूनमधल्या अपू या भारतीय दुकानदाराचं नाव काढलं की भडकतो. एवढं काय त्यात?

उत्तर : ताई, चिडणारच तो! नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या अपूवरून घेतलं, पण १९९० पासून आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा, भारतीय हेल काढलेला. तोच हेल काढून शाळेतली पोरं भारतीय मुलांना अपूचं ‘थँक यू, कम अगेन’ हे वाक्य म्हणून चिडवत. माझ्या पुतण्यानंही ते सोसलंय. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदवीरानं यावर माहितीपट केला, २०२० मध्ये अझारियानं तो आवाज सोडला. मला मात्र अपू आवडायचा, बरं का. डॉक्टरेट मिळवलेला, एकाच वेळी जन्मलेल्या आठ मुलांचा बाप, दुकानात गणपती! पण मी पडलो पुण्यात. भाच्याला एकदा विचारा, वर्गात त्याला काय हाक मारायचे.